नमुन्यादाखल मी

बाबांची सही मराठीत होती. चेकवर, भाड्याच्या पावतीवर, दुधाच्या कार्डावर, माझ्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे पूर्ण नाव, आडनावासकट, वर सरळ रेघ मारलेली. आपण जिथे राहतो तिथे आपली भाषा निदान सहीएवढी तरी राहिली पाहिजे, असं ते म्हणत. अडचण एवढीच, की दिल्लीत देवनागरीतली सही दिसली की लोक ती हिंदी समजतात. बाबांच्या ऑफिसातही तसंच झालं. एका हिंदी पंधरवड्यात त्यांना राजभाषेत सातत्याने स्वाक्षरी केल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं आणि सोबत एक स्टीलचा डबा. प्रशस्तिपत्र बाबांनी कपाटाच्या वरच्या खणात पालथं ठेवलं. डबा आईने रव्यासाठी घेतला. तो आता नोएडाला माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्यात अजून रवाच असतो.

आम्ही दक्षिण दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणात तुळस आणि कूलरचा पत्रा. उन्हाळाभर त्या कूलरचा असा आवाज असे, की आमच्या घरात सगळेच थोडं मोठ्याने बोलतात ही सवय तिथूनच लागली असावी. बाबा लेखापरीक्षणात होते. दुसऱ्यांच्या कागदांतली विसंगती शोधणं हे त्यांचं काम होतं आणि त्यात ते फार चांगले होते, असं त्यांचे वरिष्ठ मला नंतर सांगत. घरात एकच नियम होता, उंबरठ्याच्या आत फक्त मराठी. आई हा नियम काटेकोरपणे पाळायची. म्हणजे भाजीवाला आला की ती उंबरठा ओलांडून बाहेरच्या पायरीवर उभी राहायची, ‘भैया, भिंडी कैसे दी’ म्हणायची, आणि भेंडी घेऊन आत आली की मराठीत म्हणायची, लुटतात मेले. बाबा स्वतः बातम्या हिंदीत ऐकत, चिडले की हिंदीत चिडत आणि हिशेब इंग्रजीत करत. पण नियम त्यांनी केला होता, आणि नियम करणाऱ्याची तपासणी करायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

जेवण मात्र खरोखर मराठी होतं, जेवढं दिल्लीत जमेल तेवढं. पुण्याच्या आत्याकडून गोडा मसाला यायचा, तो संपत आला की आमटीचा रंग फिकट होत जायचा आणि आमटीकडे बघून आत्याला पत्र लिहायची वेळ झाली हे कळायचं. हिवाळ्यात पोह्यांत मटार, आणि मटार सोलायला सगळं घर उन्हात चटईवर. त्या चटईवरच बाबांनी मराठी शाळेची मोहीम पहिल्यांदा जाहीर केली.

पहाडगंजला मराठी माध्यमाची शाळा होती. चांगली होती. तिथले विद्यार्थी पुढे बरेच वर गेले आणि मला त्या शाळेबद्दल आजही आदर आहे. या सगळ्या प्रकरणात जी काही अडचण होती ती शाळेत नव्हती, आमच्यात होती. बाबा तेव्हा आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे चिटणीस होते. मंडळाने ठराव केला, की दिल्लीत विखुरलेल्या प्रत्येक मराठी घरी जाऊन मुलांना मराठी शाळेत घालण्याचं आवाहन करायचं. ठराव एकमताने मंजूर झाला. ज्यांनी हात वर केले त्या सगळ्यांची मुलं इंग्रजी शाळांत होती. अध्यक्ष पेंडसेकाकांचा मुलगा तर डेहराडूनला बोर्डिंगमध्ये होता आणि सुट्टीत घरी आला की ‘डॅड, आय ॲम बोअर्ड’ म्हणायचा. मीही इंग्रजी शाळेत होते, सातवीत. निजामुद्दीनच्या पुढे दोन बसस्टॉपवर आमची शाळा होती, पिनाफोर आणि टायवाली, जिथे आवारात इंग्रजीशिवाय काही बोलायचं नाही असा नियम होता. म्हणजे माझ्या आयुष्यात भाषेचे दोन नियम होते, एक घरचा आणि एक शाळेचा, आणि मी दोन्ही मोडत असे, पण मुद्दाम नाही.

मोहिमेला रविवारी सकाळी निघायचं. पेंडसेकाकांची फियाट, बाबा पुढे, मी मागे. मला न्यायचं कारण असं, की मला एक लांबलचक कविता हावभावांसह पाठ होती आणि माझे उच्चार स्वच्छ होते. आईने माझ्यासाठी जुन्या साडीचं परकर-पोलकं शिवलं होतं. एरवी मी ते घातलं नसतं, पण मोहिमेत तो माझा गणवेश झाला. आम्ही कुणाच्या घरी जायचो, चहा-उपमा व्हायचा, पेंडसेकाका संस्कृतीवर बोलायचे. ते संपले की बाबा म्हणायचे, ‘मुलांचं मराठी टिकलं पाहिजे. टिकवलं की कसं टिकतं, आता हीच बघा.’ मग मी उभी राहून कविता म्हणायचे. घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. कुणीतरी म्हणायचं, वा, शाळेचं नाव काढलं पोरीने. बाबा त्यावर काही बोलत नसत.

त्यांचं ते न बोलणं मी नंतर पुष्कळ वेळा तपासून पाहिलं आहे, कारण मीही पुढे हिशेब तपासण्याच्याच धंद्यात गेले. बाबांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मुलांचं मराठी टिकलं पाहिजे, हे खरं. हीच बघा, हेही खरं. लोक बघत होतेच. मधलं वाक्य प्रत्येक जण आपलं आपण भरून घेत होता. मला त्यांनी गाडीत एकदाच सूचना दिली होती, ती त्यांच्या खात्यातलीच असावी. ‘न विचारलेलं सांगायचं नाही आणि विचारलेलं लपवायचं नाही.’ पेंडसेकाकांनी गिअर बदलत बिल्कुल, बिल्कुल म्हटलं होतं.

कितीतरी रविवार कुणी विचारलं नाही. मग आम्ही फरीदाबादला गेलो.

मेश्राम कुटुंब मूळचं वर्ध्याकडचं. काका फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते, आणि काकू दिल्लीत एका सरकारी ऑफिसात, लोदी रोडला, रोज शटल गाडीने येऊन-जाऊन. घर वरच्या मजल्यावर, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली पुस्तकांचं कपाट, त्या आधीच्या कुठल्याही घरात आम्ही पाहिलं नव्हतं एवढं भरलेलं. त्यांची मुलगी वैशाली माझ्याच वयाची. तिला फरीदाबादची शाळा बदलायचीच होती, कारण काकूंना ती आपल्याबरोबर दिल्लीत हवी होती. म्हणजे मोहिमेला इतकं तयार घर दुसरं मिळालं नव्हतं, आणि बाबा जिना चढतानाच खुशीत होते. शटल नवी दिल्लीपर्यंत जाते, स्टेशनाबाहेर पडलं की पहाडगंज. मुद्दा भूगोलानेच सोडवलेला होता.

काकूंनी पाटवड्या आणि रस्सा केला होता. रश्शावर लाल तर्री होती. पेंडसेकाकांनी त्या सकाळी आधीच्या दोन घरी उपमा आणि एका घरी शिरा खाल्ला होता, पण या घराच्या दारावरची पाटी वाचल्यावर त्यांचं पोट बिघडलं. ते म्हणाले, आज नको वहिनी, जरा जड वाटतंय, पाणीसुद्धा नको. पाचच मिनिटांपूर्वी गाडीत ते जातिभेद समाजाला कसा पोखरतो यावर बोलत होते, आणि त्यातलं शेवटचं वाक्य घंटी वाजवताना अर्धं राहिलं होतं. काकूंनी त्यांच्यासमोरची ताटली उचलली आणि वैशालीच्या हातात दिली. बाबांनी मात्र पाटवड्या दोनदा मागून घेतल्या, रस्सा वाटीने प्यायला आणि कपाळावरचा घाम रुमालाने पुसत, पुण्याकडे असलं काही येत नाही म्हणाले. हे त्यांच्या जमेच्या बाजूला धरायला हवं. माणूस बोलतो तसं वागत नाही हे लिहायला बसलं, की जिथे तो वागला ते वगळलं जातं, आणि तो हिशेब अपुरा राहतो.

मग संस्कृती झाली, बाबांचं ‘हीच बघा’ झालं, माझी कविता झाली. मेश्रामकाकांनी टाळ्या वाजवल्या. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या हातावर गुळाची शंकरपाळी ठेवली आणि सहज विचारलं, ‘छान म्हटलंस बाई. तुमच्या वर्गात किती मुली आहेत? आमचीला कोणाजवळ बसवतील?’

मी सांगितलं की आमच्या वर्गात बेचाळीस मुली आहेत, पण ती शाळा ही नाही. मग त्यांनी कोणती ते विचारलं, आणि विचारलेलं लपवायचं नसल्यामुळे मी शाळेचं नाव सांगितलं.

पेंडसेकाका पुस्तकांच्या कपाटाकडे बघायला लागले. मेश्रामकाका पाहुण्यांसाठी कानकोंडे झाले. काकू एकट्या तशाच बसल्या होत्या, आवाजात राग नाही, टोमणा नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारख्या. ‘मग काहून जी आम्हाला सांगता, भाऊसाहेब?’

बाबा उठून उभे राहिले. मला वाटतं बसून ते उत्तर देणं त्यांना जमलं नसतं. ते म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे. पुढच्या सत्रापासून माझी मुलगी आपल्या मराठी शाळेत जाईल. हा माझा शब्द.’

‘मग आमचीही जाईल,’ काकू म्हणाल्या. ‘ज्या दिवशी तुम्ही हिचं नाव घालाल, त्या दिवशी मी वैशालीला घेऊन येते. दोघी शेजारी बसतील.’

परत येताना पेंडसेकाकांनी बाबांना समजावलं, की अहो, तिथे बोलायचं म्हणून बोललात, एवढं मनावर घ्यायचं कारण नाही, मार्चपर्यंत लोक विसरतात. बाबा म्हणाले, तुमच्या चिरंजीवांनाही आणा, मोहिमेला जोर येईल. पेंडसेकाका म्हणाले, त्याची केस जरा वेगळी आहे. बदरपूरच्या नाक्यापर्यंत ती केस कशी वेगळी आहे ते सांगत होते, आणि त्यांचं पोट आता बरं होतं, कारण नाक्यावर त्यांनी गाडी थांबवून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या.

आई ते सगळं ऐकून आधी एवढंच म्हणाली, की हिच्या शाळेच्या फॉर्मसाठी पहाटे रांगेत कोण उभं राहिलं होतं ते मला आठवतंय, थर्मास मी भरून दिला होता. मग ती म्हणाली, ‘शब्द दिलाय ना? पाळा.’ आणि कणिक मळायला गेली. आई कुठल्याच सभेला जात नसे आणि तिने कुठलंच मत कधी जाहीर केलं नव्हतं. त्यामुळे तिच्या वागण्यातली विसंगती शोधायला जागाच नव्हती, आणि बाबांना याचा त्रास होत असे.

मी रडले नाही. पण माझं काय होणार हे मला नीट कळत होतं. मी वर्गात पहिली यायचे, आणि मुख्यतः गणितामुळे. शाळा गेली तर मैत्रिणी जातील, लॅब जाईल, पुढच्या वर्षी मिळायचा मॉनिटरचा बिल्ला जाईल, हे होतंच. खरी भीती वेगळी होती, आणि ती बाबांना जेवणाच्या टेबलावर कळली. ते कुठून तरी मराठी माध्यमाचं सातवीचं गणिताचं पुस्तक घेऊन आले. स्वतः त्याच भाषेत शिकलेले, त्यामुळे पुस्तक उघडताना त्यांचा चेहरा सणासुदीसारखा झाला होता. त्यांनी एक उदाहरण दाखवलं. लसावि काढा. मला लसावि म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पुढे समद्विभुज त्रिकोण होता, छेद होता, सरळव्याज आणि मुद्दल होतं. बाबा एकेक शब्द समजावून सांगायचे, शब्द कळला की उत्तर मी तोंडी द्यायचे, आणि त्यांनी पुढचं वाचलं की पुन्हा अडायचे. चारच उदाहरणं झाली असतील. ज्या मुलीला घरोघरी मराठीचा नमुना म्हणून दाखवलं होतं, तिला मराठीतलं सातवीचं गणित वाचता येत नव्हतं. बाबांनी पुस्तक मिटलं. आई आमटी वाढत होती, गोडा मसाला संपत आला होता. ते म्हणाले, होईल सवय. पण ते कुणाकडे बघून म्हणाले नाहीत.

तरी ते मागे हटले नाहीत, हेही लिहायला हवं. सुट्टी घेऊन ते पहाडगंजला गेले, मुख्याध्यापकांना भेटले. माझ्या शाळेतून दाखला काढायचा अर्ज त्यांनी लिहिला आणि खाली आपली मराठी सही केली. तो अर्ज टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाखाली ठेवला होता. रोज सकाळी ऑफिसला जाताना ते त्याकडे बघत, आणि रोज संध्याकाळी तो तिथेच असे. सत्र संपत आलं होतं. मी घरात मुद्दाम आणखी चांगलं मराठी बोलायला लागले होते, म्हणजे कदाचित शाळा बदलायची गरज उरणार नाही, असा माझा हिशेब होता. त्यावर आई म्हणाली, एवढं नको बोलूस, त्यांना वाटेल तयारी झाली.

आजही आमच्या सोसायटीत मी असे कागद पाहते. नोएडात आमच्या सेक्टरमध्ये पाणी वाचवण्याचं परिपत्रक सही करून दर उन्हाळ्यात निघतं, आणि ते सही करणाऱ्या गृहस्थांची गाडी दर सकाळी पाइपने धुतली जाते. ते खोटारडे नाहीत. परिपत्रक काढतात तेव्हा त्यांना पाण्याची खरोखर काळजी असते. गाडी ही वेगळी बाब असते. बाबांचा त्रास असा होता, की त्यांनी दोन बाबी एका कागदावर आणून ठेवल्या होत्या.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. मेश्रामकाकू आणि वैशाली. काकूंच्या हातात पाटवड्यांचा डबा होता, रश्शाची बरणी वेगळी, वर फडकं बांधलेलं. बाबा घरातल्या बनियनवर होते, ते आत जाऊन शर्ट घालून आले आणि येतानाच म्हणाले, की अर्ज तयार आहे, सोमवारी देतो. काकू म्हणाल्या, थांबा जी, मी त्याच्यासाठीच आले. त्यांनी दोन्ही शाळा जाऊन पाहिल्या होत्या. पहाडगंजची त्यांना आवडली होती, शिक्षक चांगले, मुख्याध्यापक स्वतः बोलले. माझीही त्यांनी पाहिली, त्यांच्या ऑफिसपासून बसने दहा मिनिटं. मग त्या जे बोलल्या ते मला शब्दशः आठवतं, कारण बाबा ते पुढे आयुष्यभर लोकांना सांगत, काकूंचं नाव न घेता.

‘मी इतकी वर्षं फायली पाहते, भाऊसाहेब. साहेब काय लिहितात ते वाचायचं असते. पण फाइल कुठे जाते ते पाहून आपलं काम करायचं असते. तुम्ही समजदार माणूस आहात. तुमची एकुलती एक मुलगी तुम्ही विचार केल्याशिवाय घातली नसेल तिथे. मला त्या शाळेचा फॉर्म भरून द्या.’

बाबा म्हणाले, ‘पण मी शब्द दिलाय.’

‘दोघी शेजारी बसतील असा होता ना शब्द?’

‘आपल्या शाळेत, असा होता,’ बाबा म्हणाले. दुसऱ्या कुणी ती फट धरून सुटका करून घेतली असती. बाबांनी स्वतःच ती बुजवली, कारण सभेचं इतिवृत्त चुकीचं लिहिलेलं त्यांना सहन होत नसे, मग ते त्यांच्या सोयीचं का असेना.

काकू हसल्या. त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. ‘अर्धा शब्द पाळा मग. मला तेवढा पुरते. माझ्या पोरीला उद्या इंजिनिअर व्हायचं आहे, आणि मराठी तिला माझ्या घरी येते. तुमच्या मंडळाचं मला माहीत नाही.’

आतून आई म्हणाली की पोहे गार होतायत. आम्ही सगळे जेवायच्या टेबलाशी बसलो, पोहे आणि पाटवड्या एकाच ताटात. आईने रस्सा चाखला, डोळे पुसले आणि रेसिपी विचारली. पोहे संपल्यावर बाबांनी पेन काढलं. माझ्या इंग्रजी शाळेचा प्रवेश अर्ज मराठी मंडळाच्या चिटणिसांनी त्यांच्या सर्वांत सुंदर इंग्रजीत भरला, आणि ओळख देणाऱ्याच्या रकान्यात मराठीत सही केली. टीव्हीवरचा अर्ज त्या दिवशी कुणी काढला ते मला माहीत नाही. संध्याकाळी रुमाल होता, अर्ज नव्हता.

वैशालीला प्रवेश परीक्षा द्यायची होती, म्हणून मोहिमेचे रविवार शिकवणीचे झाले. बाबा दोघींना इंग्रजी व्याकरण शिकवत, आणि कंटाळा आला की हळूच ते मराठी गणिताचं पुस्तक काढत. वैशालीचं गणित हिंदीतून झालेलं, ते शब्द तिला जवळचे होते, आणि तिच्यामुळे मला लसावि कळला. परीक्षेत ती पास झाली. मंडळाच्या वार्षिक अहवालात बाबांनी लिहिलं, ‘शाळा मोहिमेच्या संपर्कातून एका मुलीचा प्रवेश निश्चित झाला.’ वाक्य पूर्ण खरं होतं. पेंडसेकाकांनी ते व्यासपीठावरून वाचलं तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आणि बाबा टाळ्या संपेपर्यंत आपल्या चष्म्याची काच पुसत होते. त्याच वर्षी मला मंडळाचं उत्कृष्ट मराठीचं बक्षीसही मिळालं. पेंडसेकाका म्हणाले, मोहिमेचं हे दुसरं फळ.

आठवीत आम्ही शेजारी बसलो. तिसरा बाक, खिडकीकडे. वैशालीचं इंग्रजी सुरुवातीला अडखळायचं आणि माझ्याशी बोलताना तिला त्याची गरजच नव्हती. त्यामुळे झालं असं, की ज्या शाळेत मी सात वर्षं एक शब्द मराठी बोलले नव्हते, तिथे मी दिवसभर मराठी बोलायला लागले. डबा खाताना, लॅबमध्ये, पीटीच्या रांगेत. मी घरी येऊन ‘काहून’ म्हणायला लागले. बाबांना ते ऐकून इतका आनंद व्हायचा, की पुणेरी आत्याने पत्रात काय लिहिलं त्याकडेही त्यांनी दुर्लक्ष केलं. बाबांची मोहीम पहाडगंजपर्यंत पोचली नाही, पण जिथे कुणी प्रयत्न केला नव्हता तिथे ती बसल्या जागी यशस्वी झाली होती.

दिवाळीच्या आधी आम्ही पकडल्या गेलो. टीचरने दोघींच्या डायरीत लाल शाईने लिहिलं, की ही मुलगी शाळेच्या आवारात वारंवार मातृभाषेत बोलते. त्याखाली एक छापील ओळ होती, पालकांनी सही करायची. माझी पाल्य यापुढे शाळेच्या आवारात इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा बोलणार नाही, याची मी हमी देतो.

काकूंनी वैशालीच्या डायरीवर त्याच संध्याकाळी शटलमध्ये सही केली, दोन अक्षरांची, झटकन, आणि डायरी तिच्या दप्तरात परत टाकली. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या घरी डायरी टेबलावर उघडी होती. बाबांनी चष्मा लावून ती वाचली, मग पुन्हा वाचली, जसं ऑफिसात आक्षेप घ्यायच्या कागदाचं करत असतील तसं. आई दारात उभी होती, हाताला पीठ. पेन काढायला त्यांनी खूप वेळ लावला. मग त्यांनी त्या इंग्रजी ओळीखाली आपलं पूर्ण नाव मराठीत लिहिलं, आडनावासकट, वरची रेघ नेहमीपेक्षा जास्त सावकाश ओढली. शाई वाळू दिली.

‘केलीत?’ आईने विचारलं.

‘केली,’ बाबा म्हणाले. डायरी माझ्याकडे देताना त्यांनी त्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. ‘आवारात, असं लिहिलंय. बसस्टॉप आवारात येत नाही.’